उंटखान्याची पाठवणी

"बारगीर तालीम. मालक हजर?"

"मालक खाली स्कूटरवर बसल्यात," मी म्हणाले.

लीगच्या सचिवांनी मान डोलावली आणि समोरच्या कागदावर 'गैरहजर' लिहायला घेतलं. मी पदर सारखा केला आणि पुढच्या नावाची वाट बघत बसले. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीच्या माडीवर ही सभा भरली होती. खाली गुळाच्या ढेपा उतरत होत्या. वर पाच खुर्च्यांवर पाच फुटबॉल संघांचे पाच मालक आणि सहाव्या खुर्चीवर मी. अध्यक्ष सरनोबतकाका, म्हणजे ज्यांची ती अडत, ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"वहिनी, मालक तुम्हीच की ओ."

"मी कशी? मी त्यांची मंडळी."

अख्खी माडी हसली. शेजारच्या खुर्चीवरचे मालक, सराफ, तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या ठसक्यात थोडा माझाही हात होता म्हणा. मी मिरची कांडपाची गिरणी चालवायची, आणि पातळ कितीही स्वच्छ नेसले तरी मी जाईन त्या खोलीत दोन-चार माणसं शिंकायचीच.

पण हसण्यासारखं मी काय बोलले, ते मला कळेना. आमच्याकडं बाई 'मालक' म्हणते ते जगात एकाच माणसाला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'हे' म्हणून परक्याला समजत नाही, मग मालक. मालक जेवले, मालक शाळेत गेले, मालकांना ताप आलाय. लग्न झाल्यापासून हा शब्द तोंडात बसलेला. तो एक दिवस माझ्याच अंगावर येऊन पडेल हे कुणाच्या स्वप्नात होतं?

तरी कागदोपत्री ते खरं होतं. लीग नव्यानं सुरू झाली तेव्हा प्रत्येक तालमीच्या संघाला एक मालक दाखवायचा होता. आमच्या बारगीर तालमीचं सगळं माझे सासरे बघायचे. पण मामंजींनी पूर्वी एकदा ऑफसाइडच्या वादात लाइन्समनच्या डोक्यात छत्री घातली होती, त्यामुळे त्यांना जन्मभराची बंदी. आमचे हे शाळेत पीटीचे मास्तर आणि लीगचे पंच, आणि पंचानं मालक व्हायचं नाही असा नियम. धाकटे दीर दुबईला. उरलं कोण, तर मी. मामंजी एके दिवशी गिरणीत आले, "सूनबाई, हितं सही," म्हणाले, आणि मी हात पुसून सही ठोकली.

त्यानंतर संघाचा नि माझा संबंध एवढाच, की मॅच जिंकली तर सगळ्या पोरांचा तांबडा-पांढरा रस्सा मी रांधायचा, आणि हरली तर दोन दिवस मामंजींसमोर उभं राहायचं नाही. जास्त वेळा उभं न राहण्याचीच पाळी यायची. कारण आम्हाला हरवायला उंटखाना बसलेला होता.

उंटखाना म्हणजे आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडची तालीम. संस्थानाच्या काळात तिथं महाराजांचे उंट बांधायचे म्हणे. आम्ही बारगीर, म्हणजे घोडेस्वार. घोड्यांचं नि उंटांचं तेव्हा पटत होतं की नाही देव जाणे, पण त्यांच्या नावानं फुटबॉल खेळणाऱ्यांचं कधी पटलं नाही. उंटखान्यानं गोल केला की तिकडच्या फटाक्यानं आमच्या फडताळातल्या बशा वाजायच्या. वाजायला आमच्याकडं नुसत्या बशाच, कप सगळे उंटखान्याकडं, असं मामंजी म्हणायचे.

आणि मी उंटखान्याची लेक. दोन गल्ल्या ओलांडून बारगिरात पडलेली. मैदानावर सासरच्या बायकांत बसायचं आणि उंटखान्याचा गोल झाला की तोंड पाडायचं, हे मी इतकी वर्षं इमानानं केलं. आत काय व्हायचं ते आतच ठेवायचं. त्यातून उंटखान्याचा कॅप्टन होता माझा धाकटा भाऊ, दिगंबर. मग सांगा.

तर त्या दिवशीची सभा होती ती उंटखान्याबद्दलच. उंटखान्याचे मालक विश्वासराव इंगवले यांनी आपली फाउंड्री इथून पुण्याकडं हलवली होती, आणि पाठोपाठ संघही पुण्याला न्यायचा म्हणत होते. लीगचा नियम असा, की संघाचं गाव बदलायचं तर सहापैकी चार मालकांनी हात वर करायला पाहिजे, आणि मालकानं तिथं स्वतः बसलं पाहिजे. इंगवल्यांचा स्वतःचा एक हात, सराफांचा दुसरा, दूधवाल्या चौगुल्यांचा तिसरा. सरनोबतकाका आणि हॉटेलवाले मेढे, दोघं विरोधात. उंटखाना-बारगीर मॅचला जेवढी गर्दी लोटायची तेवढी लोटायची कारण ती घरची भांडणं होती, आणि ती गेली की लीगमध्ये राहिलं काय, असं त्यांचं म्हणणं. राहिला चौथा हात. तो माझा.

त्या आठवड्यात मला जेवढा मान मिळाला तेवढा लग्नातही मिळाला नव्हता. आदल्या संध्याकाळी मामंजी गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसले.

"सूनबाई, अवघड काय बी न्हाई. एक हात वर करायचा, बास."

"व्हय, मामंजी."

"उंटं गेली की कप आपला. मी डोळं मिटायच्या आत त्यो कप एकदा आपल्या तालमीत बघायचाय मला."

"तुमचं डोळं कुठं मिटतंय एवढ्यात?"

"त्ये कपावर हाय," मामंजी म्हणाले.

ते गेले तोवर दिगू आला. माझा भाऊ, पण बारगिरात यायचं म्हणजे तो नेहमी सायकलवरून न उतरता बोलायचा, एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर. त्या दिवशी मात्र सायकल स्टँडला लावून आत आला. पोत्यावर बसला. शिंकला.

"आक्का, उद्या हात वर करशील न्हवं?"

मी मिरच्या निवडत होते. मान वर केली नाही.

"तुला जायचंय?"

"इंगवलेसाहेब कारखान्यात कायम करणार हाईत. सगळ्यास्नी. कंपनीची घरं हाईत. गवताचं ग्राउंड हाय आक्का, गवताचं! हितं पडलं की गुडघ्याचं कातडं निघतंय. आन मी आता चोवीसचा झालो. आणि किती वर्षं खेळणार?"

"हितली खोली?"

"सोडणार की. कशाला ठेवायची?"

झालं. आई-अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती दोन खणांची भाड्याची खोली, त्यात राहणारा दिगू, आणि मैदानावर हिरव्या बनियनीतली अकरा पोरं, एवढंच माझं माहेर शिल्लक होतं. तेवढंही उठून पुण्याला चाललं होतं. बाई माहेर सोडून जाते हे सगळ्या जगाला माहीत आहे. माहेरच बाईला सोडून निघालंय हे मी तरी पहिल्यांदा ऐकत होते.

मी त्याला पिशवीभर चटणी बांधून दिली आणि "बघू," म्हटलं. तो खूश होऊन गेला. त्याला वाटलं बघू म्हणजे हो. माझ्या मनातलं 'बघू' वेगळं होतं. सासरच्यांना ते जायला हवे होते, भावाला जायचं होतं, आणि मला एकटीला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी आलं होतं आणि मी ठरवून टाकलं होतं, की हात वर करायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, खांदा धरला होता.

तर त्या माडीवर मी खांदा सैल सोडून बसले होते. सचिवांनी 'गैरहजर' खोडून 'हजर' केलं, चहा आला, आणि इंगवले उभे राहिले. माणूस तसा वाईट नव्हता. अंगावर पांढरा सफारी, बोलणं मोजून-मापून.

"मंडळी, पुण्यात आपल्या पोरांचं सोनं होईल. ग्राउंड हाय, लाइटी हाईत, कंपन्या जाहिराती द्यायला बसल्यात. संघाला नवीन नाव ठरवलंय. डेक्कन थंडर. नवीन रंग, जांभळा. सगळं नवं कोरं."

"आणि पोरांचं?" मेढ्यांनी विचारलं. "हितली माती सुटल्यावर खेळ राहतोय का?"

"त्येला काय हुतंय? तरणी पोरं हाईत. नवीन जागेत रुळायला कितीसा वेळ लागतोय? महिना, दीड महिना."

"महिनासुदिक न्हाई," चौगुले म्हणाले. "म्हस नवीन गोठ्यात आठ दिसांत दूध द्याया लागतीया."

सराफांनी मान डोलावली. सरनोबतकाकांना पटत नव्हतं. मी बोलायचं ठरवलं नव्हतं, पण म्हशीपर्यंत गोष्ट गेल्यावर माझं तोंड आपोआप उघडलं.

"विश्वासराव, तुम्ही घर कितींदा बदललासा?"

"मी? आमचा वाडवडिलांचा बंगला हाय, वहिनी. पुण्यात जातोय-येतोय मी, ऱ्हातोय हितंच."

"चौगुलेदादा, तुम्ही?"

"न्हाई ब्वा."

"काका?"

"जन्मलो बी हितं आन..." सरनोबतकाकांनी खाली बोट दाखवलं, अडतीकडं.

"मग या खोलीत घर बदललेली मी एकटीच की," मी म्हणाले. "मला विचारा की रुळायला किती लागतंय ते."

कुणी हसलं नाही. सरनोबतकाकांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "सांगा तर मग."

"झोप लागायला सहा म्हैने. दुसऱ्याच्या हातची आमटी गोड लागायला वरीस. ते तरी मी दोन गल्ल्या पलीकडनं आले हुते, तिथली चटणीबी हीच. आन नाव. नावाचं लई अवघड."

"नावाचं काय त्यात?" इंगवले म्हणाले. "माणसं तीच हाईत. नुस्तं नाव बदलतंय."

"माझंबी नुस्तं नावच बदललं हुतं. लग्नात ताटात तांदूळ पसरलं आन मालकांनी अंगठीनं लिहिलं, राजलक्ष्मी. मी वाकून बघितलं, म्हटलं ही कोण? तर ती मीच. दुसऱ्या दिशी सासूबाई चुलीपास्नं हाका मारत्यात, राजलक्ष्मी, राजलक्ष्मी! मी आपली खुशाल बसलेली. मला वाटलं घरात आणि कोणतरी हाय. पोरगी बहिरी दिली म्हणून मामंजी भांडायला निघालं हुतं."

आता मात्र सगळे हसले. इंगवलेसुद्धा.

"आणि पहिलं नाव काय?" सरनोबतकाकांनी विचारलं.

"बकुळा."

"चांगलं हुतं की!"

"मी कुठं वाईट म्हणतीया? मला विचारलं न्हाई, एवढंच म्हणतीया."

पुन्हा हसू झालं, पण या वेळी ते लवकर विरलं. सचिव पेन हातात धरून माझ्याकडं बघायला लागले. वेळ मतदानाची आली होती आणि सगळ्यांना कळून चुकलं होतं, की या बाईचं काही सांगता येत नाही. इंगवले घाबरले असावेत. त्यांनी घाम पुसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, असं करा. घाईनं काय ठरवू नका. तुमच्या मालकांना विचारा की पाहिजे तर. खालीच तर हाईत."

मी उठून खिडकीशी गेले. खाली रस्त्याच्या कडेला आमचे हे स्कूटरवर बसून शेंगा खात होते. आणि त्यांच्या शेजारी, बारगिराच्या पंचाच्या स्कूटरला टेकून, दिगू उभा होता. केस कापून आला होता. शर्टाला इस्त्री केलेली. हे त्याच्या हातावर शेंगा ठेवत होते आणि त्याचं लक्ष शेंगांत नव्हतं, ते या खिडकीकडं होतं.

"अहो!" मी वरून हाक मारली. "काय करू?"

ह्यांनी वर बघितलं. तोंडात शेंगा, त्यामुळं बोलता येईना. मग त्यांनी दोन्ही हात पुढं ओवाळले, मैदानावर करतात तसे. पंचाची ही खूण लहान पोरालाही कळते. शिट्टी वाजवणार नाही, खेळ चालू द्या.

धन्य तो माणूस, असं मनात म्हणत मी खिडकीतून मागं फिरणार होते, पण दिगूवरची नजर हलेना. त्याची ती मान वर करून उभं राहण्याची ढब मी आधी बघितलेली होती. माझ्या लग्नात. पाठवणीच्या वेळी माझ्या चपला सापडेनात. नव्या कोऱ्या कोल्हापुरी, खास सासरी जायला घेतलेल्या. सगळं वऱ्हाड ताटकळलं, मुहूर्त टळायला आला, आणि हा सात वर्षांचा बेटा हौदाच्या कठड्यावर असाच मान वर करून उभा. चपला लपवल्या की आक्का जाणार नाही असा त्याचा हिशेब. मी ढसाढसा रडत होते, आणि साऱ्या बायका म्हणत होत्या, बघा किती जीव माहेरावर.

खरं सांगू? मी रडत होते ती रागानं. मला जायचं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मैदानावर एका सडपातळ पंचानं माझ्या सख्ख्या काकाला तांबडं कार्ड दाखवलं होतं. काका मारायला धावला तरी तो जागचा हलला नाही, कार्ड धरून उभाच. याच माणसाशी लग्न करायचं हे मी तिथंच ठरवलं होतं, आणि नशिबानं तेच स्थळ सांगून आलं होतं. आणि हा दिवटा माझ्या चपला घेऊन बसलेला! शेवटी मी काकूच्या चपला घालून निघाले. दोन बोटं मोठ्या होत्या.

चपला हौदात टाकल्या होत्या त्यानं. त्या पुढं कुणाच्या कामाच्या राहिल्या नाहीत.

आणि आता मी त्याच्या चपला घेऊन बसले होते.

मी खुर्चीवर येऊन बसले. "मालक काय म्हणाले?" इंगवल्यांनी विचारलं.

"मालक म्हणाले, मालक तू," मी म्हणाले. हे काही अगदी असं बोलले नव्हते, पण खुणेचा अर्थ माझ्या मते तोच होता. "घ्या मतं."

सचिवांनी विचारलं. इंगवल्यांचा हात वर झाला, सराफांचा झाला, चौगुल्यांचा झाला. मग सगळे माझ्याकडं वळले. माझा हात मांडीवर होता.

"माझी एक अट हाय."

"बोला," इंगवले म्हणाले.

"पोरं जाऊ द्यात. खुशाल न्या. त्यास्नी जायचंय, मी अडवणार न्हाई. रंगबी बदला, जांभळा करा न्हाईतर डाळिंबी करा. पण नाव बदलायचं न्हाई. उंटखाना ते उंटखानाच."

"वहिनी!" इंगवले कळवळले. "पुण्यात? उंटखाना? अवो, लोकं हसतील!"

"हसू द्यात की. हसत हसत तिकीट काढतील."

"जाहिरातवाल्यांना काय सांगू मी? डेक्कन थंडर छापून आलंय सगळं."

"मागनं हाक आली की माणूस वळलं पाहिजे, विश्वासराव. मॅच चालू हाय, पब्लिक 'थंडर, थंडर' ओरडायलंय, आन आमचं पोरगं वळलंच न्हाई तर? बॉल जाईल की निघून. माझं हाय का ठाऊक? मला चार वर्षं लागली राजलक्ष्मीला वळायला. तुमची लीगची चार वर्षं अशीच जातील."

मेढे टेबलावर हात आपटून हसायला लागले. चौगुले म्हणाले, "त्ये बरोबर हाय हां. म्हशीचं नाव मी बी बदलत न्हाई. गंगी ती गंगीच."

इंगवल्यांनी आधी सराफांकडं बघितलं, मग छताकडं. सरनोबतकाका बशीतला गार चहा चवीनं पीत होते. त्यांच्यापुढं आता जायचं की राहायचं हा प्रश्न नव्हताच. अडतीवरच्या माणसाला सौदा कुठं येऊन थांबलाय ते लगेच कळतं.

"ऱ्हाऊ दे नाव," इंगवले शेवटी म्हणाले. "उंटखाना तर उंटखाना."

"लिहा," मी सचिवांना म्हटलं. त्यांनी लिहिलं. मग मी हात वर केला, चांगला सरळ, बांगड्या कोपरापर्यंत आल्या. खांद्याला काहीसुद्धा झालं नव्हतं.

खाली आले तेव्हा दिगूचा चेहरा पांढरा पडला होता. मी नुसतं "जा," म्हटलं. तर हा घोडा, नव्हे उंट, भर मार्केट यार्डात माझ्या पाया पडला आणि उठताना रडायला लागला. मी त्याला एक धपाटा घातला. हे म्हणाले, "शेंगा खा," आणि उरलेला पुडा त्याच्या खिशात कोंबला. मग स्कूटरला किक मारता मारता मला विचारलं, "वर काय झालं गं?"

"काय न्हाई. खेळ चालू ठेवला."

घरी मामंजींनी दारातच पेढ्याचा पुडा धरला होता. उंटं गेली म्हणून त्यांनी तीन पेढे खाल्ले. चौथा तोंडात असताना मी नावाचं सांगितलं.

"नाव त्येच? म्हंजे पुण्यास्नं हितं येऊन बी उंटखानाच हरवणार आमाला? मग गेली काय आन ऱ्हायली काय!"

त्यांनी पुडा बंद केला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण राग त्यांना पेलवायचा नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. थंडर का फिंडरला हरवून कप घेतला असता तर लोकांनी विचारलं असतं, ह्ये कोन?"

पावसाळ्यानंतर पोरं पुण्याला गेली. दिगूनं खोली रिकामी केली. मी त्या बाजूनं जायचं टाळायला लागले. भाजी आणायला लांबचा रस्ता धरायचा, देवळाला वळसा घालायचा. मत देऊन बसले होते, पण मन मानत नव्हतं. दोन गल्ल्यांवर माहेर होतं तेव्हा तरी मी तिथं काय असं जात होते? जायची ती उभ्या उभ्या. एवढं जवळ, तर मुक्काम कशाला? "जाऊन या की, संध्याकाळच्या भाकरीला माघारी," हे ठरलेलं. लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला आमच्याकडं मुऱ्हाळी म्हणतात. शेजारणींना मुऱ्हाळी यायचे, गडहिंग्लजहून, कागलहून, पिशव्या घेऊन. मला कधी आला नाही. दोन गल्ल्यांवरून मुऱ्हाळी आला असता तर लोक हसले असते.

दिवाळीच्या तोंडावर एके सकाळी गिरणी चालू असताना दारात कोणी शिंकलं. बघते तर दिगू. हातात पिशवी, पायात बूट, अंगानं थोडा भरलेला. मला वाटलं काही बिघडलं. पण तो गिरणीत न थांबता सरळ घरात गेला, मामंजींच्या समोर पाट ओढून बसला आणि पिशवीतून खोबऱ्याच्या वड्या काढून पुढं ठेवल्या.

"आक्काला न्यायला आलोय," तो म्हणाला. "दिवाळीला."

मामंजी वडी हातात घेऊन थांबले. "कुठं?"

"पुण्याला. माहेराला."

"लांब हाय रं लई."

"लांब हाय म्हणून तर न्यायला आलोय. एका दिसात माघारी यायला व्हायचं न्हाई, भाऊबिजेपतोर ऱ्हावं लागंल."

मामंजींनी सगळीकडं बघितलं, कुठून तरी आडकाठी सापडेल म्हणून. शेवटी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "जाऊ दे की अण्णा. गिरणी मी बघतो."

"तू पंच हाईस का माझा पोरगा हाईस?" मामंजी म्हणाले. पण वडी खाल्ली. आणि मी नवं पातळ नेसून बाहेर आले तेव्हा म्हणाले, "त्या पोरास्नी म्हणावं, जानेवारीत मॅच हाय. गवतावर खेळून मऊ पडला असशीला. बघतो एकेकाला."

पुण्याबाहेर कारखान्याच्या मागं चाळीसारखी बैठी घरं होती. फाटकावर हिरव्या अक्षरांत 'उंटखाना' लिहिलेलं. रंगसुद्धा पोरांनी बदलू दिला नव्हता. आत सगळी ओळखीची तोंडं. पक्या, गफूर, सुतारांचा महाद्या, ज्यांची शेंबडं नाकं मी पुसली होती ती पोरं बनियनीवर उभी राहून माझी पिशवी कुणी घ्यायची यावरून भांडत होती. रात्री त्यांनीच रस्सा केला. मला हात लावू दिला नाही. बरा झाला होता, मीठ थोडं जास्त.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा खिडकीतून उन्हं अंगावर आली होती. लग्न झाल्यापासून मी कधी सूर्य उगवल्यावर उठले नव्हते. घाईनं पांघरूण बाजूला सारलं, तेवढ्यात दारापलीकडं बादली पडल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी कुणालातरी दबक्या आवाजात दटावलं.

"गप की रं! आक्का झोपल्यात."

मी जागीच होते. पण पुन्हा पांघरूण ओढलं आणि उठले नाही.